यादीत नाव लागेपर्यंत: मिनेसोटातील औषधी गांजा आणि नागरिकांचे अर्ज

कॅलिफोर्नियाने १९९६ साली थेट मतदानाने औषधी गांजाला मान्यता दिली. लोकांनी सह्या गोळा केल्या, प्रश्न मतपत्रिकेवर आणला आणि ५५ टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकला. पुढे अनेक राज्यांनी हाच मार्ग धरला. मिनेसोटात मात्र ही सोयच नाही. नागरिकांनी सह्यांच्या बळावर राज्याचा कायदा मतदानाला लावावा, अशी तरतूद तिथल्या घटनेत नाही. कायदा हवा असेल तर सेंट पॉलच्या विधानभवनात जाऊन आमदारांचे उंबरठे झिजवायचे आणि शेवटी राज्यपालांची सही मिळवायची.

म्हणूनच हे प्रकरण मला कॅलिफोर्नियापेक्षा जास्त शिकवणारे वाटते. २०१४ साली नऊ आजारांपुरता असलेला मिनेसोटाचा कायदा पुढच्या दहा वर्षांत इतका रुंदावला की शेवटी आजारांची यादीच उरली नाही. या विस्ताराचा मोठा भाग विधिमंडळात झालाच नाही. तो झाला राज्याच्या आरोग्य खात्याकडे दरवर्षी येणाऱ्या नागरिकांच्या अर्जांतून.

पोलिसांची संमती आणि मुलांच्या आया

२००९ मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळाने एक अगदी मर्यादित विधेयक मंजूर केले होते. मरणासन्न रुग्णांपुरतेच. राज्यपाल टिम पॉलेंटी यांनी तेही नाकारले. २०११ मध्ये आलेले राज्यपाल मार्क डेटन पॉलेंटींच्या विरोधी पक्षाचे, पण त्यांचीही एक अट होती: पोलीस आणि सरकारी वकिलांच्या संघटना राजी असल्याशिवाय सही करणार नाही. रुग्णाच्या औषधाचा निर्णय पोलिसांच्या संमतीवर टांगून ठेवणे विचित्र होते. पण गांजा हा तिथे कित्येक दशके आरोग्याचा नव्हे, गुन्ह्याचाच विषय होता. राष्ट्रीय कायद्याने १९७० मध्ये त्याला पहिल्या अनुसूचीत टाकले, म्हणजे ‘वैद्यकीय उपयोग मान्य नाही’ अशा पदार्थांच्या रांगेत.

ही कोंडी फोडली अपस्माराच्या मुलांच्या पालकांनी. काही मुलांना ड्रॅव्हे सिंड्रोमसारखा गंभीर अपस्मार असतो. दिवसाला कितीतरी वेळा आकडी येते, आणि एकामागून एक औषधे देऊनही ती आटोक्यात येत नाही. २०१३ च्या सुमारास कोलोरॅडोत सीबीडी हा घटक भरपूर आणि नशा आणणारे टीएचसी अगदी थोडे असलेल्या तेलाने अशा काही मुलांच्या आकड्या कमी झाल्याच्या बातम्या देशभर पोहोचल्या. देशाच्या निरनिराळ्या भागांतली कुटुंबे बिऱ्हाड हलवून कोलोरॅडोला गेली. ज्यांना जाता येत नव्हते ते पालक आपापल्या राज्याच्या विधानभवनात मुलांना व्हीलचेअरवर घेऊन येऊ लागले. मिनेसोटात २०१४ च्या अधिवेशनात हेच घडले. हिबिंगच्या आमदार कार्ली मेलिन आणि मिनिआपोलिसचे सिनेटर स्कॉट डिबल यांनी विधेयक लावून धरले.

डेटन यांनी आधी कायद्याऐवजी मेयो क्लिनिक या मिनेसोटातल्या मोठ्या रुग्णालयाकडून संशोधन करून घेण्याचा पर्याय पुढे केला. पालकांना तो वेळकाढूपणा वाटला. राज्यपालांनी भेटीत आपल्याला रस्त्यावरून गांजा विकत घेण्याचे सुचवले, असा आरोप एका आईने जाहीरपणे केला. डेटन यांनी तो फेटाळला. नेमके काय बोलणे झाले ते त्या खोलीतल्यांनाच ठाऊक, पण त्या वादानंतर विषय थंड्या बस्त्यात ठेवणे राज्यपालांना जड गेले, एवढे उघड दिसते.

१६ मे २०१४ रोजी तडजोडीचे विधेयक प्रतिनिधिगृहात ८९ विरुद्ध ४० आणि सिनेटमध्ये ४६ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाले. २९ मे रोजी डेटन यांनी सही केली. पोलीस संघटनांनी विरोध सोडावा म्हणून त्यात बरेच काही कापले होते. झाडाचे फूल किंवा पान मिळणार नाही, ओढता येणार नाही. फक्त गोळी, द्रव, तेल किंवा वाफेवाटे घ्यायचा अर्क. सबंध राज्यात दोनच उत्पादक, प्रत्येकाची चार दुकाने, एकूण आठ. डॉक्टर औषध लिहून देणार नाही, तो फक्त रुग्णाला यादीतला आजार आहे एवढे प्रमाणित करणार. मात्रा ठरवणार दुकानातला फार्मासिस्ट. रुग्णाची नोंदणी फी वर्षाला २०० डॉलर, गरिबांना ५०.

यादीतही नऊच गोष्टी: तीव्र वेदना, मळमळ किंवा खंगणे असलेला कर्करोग, काचबिंदू, एचआयव्ही-एड्स, टुरेट सिंड्रोम (नकळत होणाऱ्या हालचाली आणि आवाजांचा विकार), एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार), अपस्मारासह आकडीचे आजार, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांतले स्नायूंचे तीव्र आखडणे, आतड्यांच्या दाहाचा क्रोन्स डिसीज आणि वर्षभराहून कमी आयुष्य उरलेले मरणासन्न रुग्ण. सर्वाधिक लोकांना ग्रासणारी वेदना मुद्दाम बाहेर ठेवलेली. ‘पाठ दुखते’ म्हणून उद्या कोणीही रांगेत उभा राहील, ही भीती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, तोही बाहेर.

पण याच कायद्यात एक कलम होते. आरोग्य आयुक्तांना यादीत नवे आजार आणि औषधाची नवी रूपे घालण्याचा अधिकार त्याने दिला. आयुक्तांनी आधी असह्य वेदनेचा विचार करावा, असेही त्यात लिहिले होते. आयुक्तांचा निर्णय पुढच्या १ ऑगस्टपासून आपोआप लागू होणार; विधिमंडळाला तो नको असेल तर त्यांनी उलट कायदा करून अडवायचा. डावपेच म्हणून पाहिले तर सगळ्या तडजोडीतला सर्वात मोठा विजय हाच होता. यापुढे नवा आजार घालण्यासाठी दोन्ही सभागृहांत बहुमत जमवायची गरज उरली नाही. बहुमत लागणार होते ते अडवणाऱ्याला.

सल्लागारांचा नकार, आयुक्तांचा होकार

१ जुलै २०१५ ला दुकाने सुरू झाली आणि लगेच अडचणी दिसल्या. रुग्ण थोडे, खर्च अवाढव्य. आरोग्यविमा यातला एक पैसा देत नव्हता, कारण राष्ट्रीय कायद्याच्या नजरेत हे औषधच नव्हते. अनेकांचे महिन्याचे बिल काही शे डॉलरवर जाई. दोन्ही कंपन्या तोट्यात. रुग्णाला प्रमाणित करायला तयार डॉक्टर शोधणे हेही एक कामच होते. त्यामुळे वेदनेचा प्रश्न केवळ दयेचा राहिला नाही. रुग्णसंख्या वाढल्याशिवाय ही सगळी व्यवस्थाच तगणार नाही, हे सर्वांना कळत होते.

खात्याने राज्यभर जनसुनावण्या घेतल्या, लेखी म्हणणे मागवले, वैद्यकीय तज्ज्ञांची सल्लागार समिती नेमली. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की आपल्याकडे पालिकेत जे चित्र दिसते, तसेच इथेही झाले असेल असे आधी वाटते. फरक असा की इथे लोकांच्या म्हणण्यातून खरोखर काही निघाले. सुनावण्यांना आलेल्यांमध्ये वर्षानुवर्षे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांवर जगणारे पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे ‘आम्हाला गांजा द्या’ एवढेच नव्हते. ‘या गोळ्यांनी आम्ही बधिर झालोय, बद्धकोष्ठाने हैराण आहोत, आणि चुकून मात्रा जास्त झाली तर मरू ही भीती रोज सोबत असते,’ असा त्यांचा सूर होता.

तज्ज्ञ समितीने असह्य वेदना यादीत घालू नये असा सल्ला दिला. दीर्घ वेदनेवर गांजाच्या उपयोगाचा पुरावा पुरेसा भक्कम नाही, हे तिचे कारण. वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर समितीचे चुकले नव्हते. तरीही आयुक्त एड एलिंगर यांनी २ डिसेंबर २०१५ रोजी तो सल्ला बाजूला ठेवून मान्यता दिली. ज्यांच्यासाठी बाकी सगळे उपाय संपले आहेत त्यांना एक पर्याय द्यावा, ही त्यांची भूमिका. विधिमंडळाने अडवले नाही. ऑगस्ट २०१६ पासून वेदनेचे रुग्ण आत आले आणि थोड्याच काळात नोंदणीत त्यांचीच बहुसंख्या झाली.

पहिल्या पाच महिन्यांत, डिसेंबर २०१६ अखेरपर्यंत, २,२४५ जणांनी असह्य वेदनेसाठी नाव नोंदवले. खात्याने त्यांचा पाठपुरावा करून २०१८ मध्ये अहवाल काढला. सुरुवातीला मध्यम ते तीव्र वेदना असलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांची वेदना ३० टक्के किंवा अधिक कमी झाली. सुरुवातीला ओपिऑइड घेत असल्याचे सांगणाऱ्या ३५३ जणांपैकी २२१ जणांनी सहा महिन्यांत ती कमी केली किंवा पूर्ण थांबवली. आकडे बोलके आहेत, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि ही माहिती स्वखर्चाने आलेल्या रुग्णांकडूनच घेतलेली. ज्याला गुण येत नाही तो महिन्याला तीनशे डॉलर मोजत बसणार नाही, तो गळतोच. नागरिकांच्या गटांनी पुढे हा अहवाल हातात धरून इतर राज्यांत ‘सिद्ध झाले’ असे सांगितले तर ते जरा जास्तच होईल. यातून एवढेच ठरते की आभाळ कोसळले नाही आणि बऱ्याच लोकांना आराम वाटला. राजकारणात तेवढेही पुरते.

जून-जुलैचा अर्ज

वेदनेनंतर हे कलम नियमित यंत्रणा बनले. दरवर्षी जून आणि जुलैमध्ये कोणीही नागरिक ठरावीक नमुन्यात अर्ज करू शकत असे: अमुक आजार यादीत घाला, किंवा औषधाचे अमुक रूप चालू करा. अर्जात आजाराचे वर्णन, सध्याचे उपचार का अपुरे पडतात याचे स्पष्टीकरण, उपलब्ध संशोधन, जमल्यास डॉक्टरांची पत्रे. मग खाते त्या आजारावरच्या संशोधनाचा आढावा तयार करी, समिती सुनावणी घेई, लेखी म्हणणे येई आणि १ डिसेंबरच्या सुमारास आयुक्त निर्णय जाहीर करत.

२०१६ मध्ये पीटीएसडी मान्य झाला. त्यासाठी माजी सैनिक आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रिया असे एरवी एका मंचावर न दिसणारे लोक एकाच बाजूने बोलले. सोबत मलम-लोशनलाही परवानगी मिळाली. २०१७ मध्ये स्वमग्नता (ऑटिझम) आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. २०१८ मध्ये अल्झायमर. २०१९ मध्ये दीर्घकालीन वेदना आणि वयोमानाने होणारा डोळ्यांच्या पडद्याचा ऱ्हास. २०२० मध्ये सिकल सेल हा रक्ताचा आजार आणि टिक, म्हणजे नकळत होणाऱ्या हालचाली-आवाजांचा विकार. २०२२ मध्ये आतड्यांचा आयबीएस आणि ओसीडी, म्हणजे त्याच विचारांत आणि कृतींत अडकवणारा मानसिक विकार. प्रत्येक निर्णय पुढच्या ऑगस्टपासून लागू. सलग वाचले की हा क्रम सरळ जिन्यासारखा दिसतो, पण दरवर्षी नाकारलेले अर्जही होतेच. चिंताविकारासाठी लोक पुन:पुन्हा आले आणि पुन:पुन्हा परत गेले. पार्किन्सनचा अर्ज फेटाळला गेला. २०२२ मध्ये ओपिऑइडच्या व्यसनावरचा आणि जठर मंदावण्याच्या विकारावरचा (गॅस्ट्रोपरेसिस) अर्जही.

२०१९ च्या निर्णयाकडे थोडे थांबून पाहायला हवे. वेदना तर २०१५ मध्येच मान्य झाली होती, मग पुन्हा कशाला? कारण ‘असह्य वेदना’ या तरतुदीची व्याख्या घट्ट होती. वेदनेचे मूळ काढता येत नाही आणि बाकीचे उपचार करून झाले, पण उपयोग झाला नाही, हे डॉक्टरांनी मानले पाहिजे. म्हणजे आधी सगळे हरा, मग या. संधिवाताचा रुग्ण, ज्याला गोळ्यांनी थोडा आराम पडतो पण त्या सोसवत नाहीत, तो या व्याख्येत बसत नसे. दीर्घकालीन वेदनेच्या अर्जाने ही फट बुजवली. मान्यता मिळाली तरी नियमाच्या शब्दांत किती माणसे गळतात हे पाहून पुन्हा अर्ज करणे, हे मोर्चापेक्षा कंटाळवाणे आणि परिणामकारक काम.

आता दुसरी बाजू. स्लीप ॲप्नियाचा निर्णय नागरिकांच्या रेट्याची मर्यादा दाखवतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट निवेदन काढले: या विकारावर औषधी गांजा वापरू नये, पुरावा अपुरा आहे, राज्यांनी तो आपल्या यादीत घेऊ नये. ते मिनेसोटाच्या निर्णयालाच दिलेले उत्तर होते. इथे भीती गांजाच्या नशेची नाही. रात्री श्वास अडकणाऱ्या माणसाने हवेच्या दाबाने श्वासमार्ग खुला ठेवणारे सीपॅप यंत्र बाजूला ठेवून तेलाच्या थेंबावर भरवसा ठेवला, तर हृदयावरचा ताण तसाच राहतो आणि त्याला कळतही नाही. अपस्मार किंवा पीटीएसडीच्या बाबतीत ‘दुसरे काही उरले नाही’ हा युक्तिवाद चालतो. ॲप्नियावर चालणारा उपाय उपलब्ध आहे, तो फक्त गैरसोयीचा आहे. माझ्या मते हा अर्ज नाकारायला हवा होता.

यामागे यादीचाच दोष आहे. आजाराआजाराने परवानगी द्यायची ठरवली की प्रत्येक आजाराला आपला वकील लागतो. ज्यांच्याकडे इंग्रजीत नीट अर्ज लिहिणारा, शोधनिबंध वाचणारा, वेळ असणारा कोणी आहे, त्यांचा आजार आत येतो. मिनेसोटात मोठ्या संख्येने राहणाऱ्या सोमाली आणि आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग कुटुंबांतल्या एखाद्या शेतमजुराची पाठ त्या जुलैत किती दुखत होती, हे कोणत्या अर्जात आले असेल? सिकल सेल हा तिथे मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या लोकांना होणारा, जीवघेण्या वेदनेचा आजार. तो यादीत आला २०२० मध्ये, ॲप्नियाच्या तीन वर्षांनी.

यादी संपते

अर्जाने सगळेच मिळत नाही. सुके फूल आरोग्य खात्याच्या अधिकारात नव्हते. कायद्यानेच त्याला मनाई होती, म्हणून त्यासाठी विधिमंडळातच जावे लागले. तिथे युक्तिवाद दयेचा नव्हता, किमतीचा होता: अर्क काढायला यंत्रे आणि माणसे लागतात, फूल त्याहून बरेच स्वस्त पडते. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ मार्च २०२२ पासून २१ वर्षांवरील रुग्णांना फूल मिळू लागले.

त्याच वर्षी एक गंमत झाली. औषधी गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, खात्याने रीतसर प्रक्रिया करून मंजूर केल्या होत्या आणि त्या १ ऑगस्ट २०२२ पासून मिळणार होत्या. दरम्यान विधिमंडळाने एका मोठ्या विधेयकात हेम्पपासून (टीएचसी अगदी कमी असलेल्या गांजाच्या वाणापासून) काढलेल्या टीएचसीच्या खाद्यपदार्थांना, एका वेळच्या खुराकात ५ मिलिग्रॅमपर्यंत, परवानगी देऊन टाकली. आपण नेमके काय मंजूर केले हे आपल्याला नंतर कळले, असे काही आमदारच म्हणाले. ती तरतूद १ जुलैपासून लागू. म्हणजे फी भरून, प्रमाणपत्र घेऊन, वर्षभर वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या एक महिना आधी धडधाकट माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानात गमी मिळू लागली.

३० मे २०२३ रोजी राज्यपाल टिम वॉल्झ यांनी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच उन्हाळ्यात रुग्णांची नोंदणी फी रद्द झाली. आणि २०२४ च्या दुरुस्तीने यादीच काढून टाकली. वैद्यकीय व्यावसायिकाला एखाद्या आजारात गांजा योग्य वाटला की तो आजार पात्र. चिंताविकाराचे अर्जदार ज्या दारावर वर्षानुवर्षे थांबले, ते दारच राहिले नाही.

मग रुग्ण म्हणून नोंदणी तरी कशाला? एक तर २१ वर्षांखालच्यांसाठी अजूनही तोच मार्ग आहे. दुसरे म्हणजे खुल्या बाजारातल्या गांजावर कर आहे आणि नोंदणीकृत रुग्णाला तो माफ. विमा मात्र आजही पैसे देत नाही.

मिनेसोटात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती अर्जाच्या नमुन्यात कुठेच नसते. राज्याने काहीही मान्य केले तरी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे विषय राष्ट्रीय कायद्याचे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेने स्पष्ट केले की राज्याच्या कायद्यात बसणारा गांजाचा वापर किंवा त्या उद्योगातली नोकरीसुद्धा नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सचोटीच्या वर्तना’च्या आड येऊ शकते. एच-१बी वर आलेल्या, गुडघ्याने किंवा मायग्रेनने बेजार माणसाला डॉक्टर सहज म्हणतील की नोंदणी करून टाका. डॉक्टरांचे चुकत नाही, त्यांच्यासमोर रुग्ण आहे. पण ग्रीन कार्डची फाईल चालू असलेल्याने दुकानात जाण्याआधी स्थलांतराच्या वकिलाला फोन करावा.